मास्क त्याच्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही

मंडळी, आमच्या गल्लीतला एक पोरगा ल्युकेमियासाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून गावी आलाय. तोंडाला मास्क बघून लोक लांब सरकतात. अरे, तुम्हाला त्याच्यापासून काही होत नाही! तुमची साधी सर्दी मात्र त्याला महागात पडेल.

थोडा इतिहास सांगतो. 1957 साली अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. 6 रुग्ण होते, फार दिवस कुणीच जगलं नाही. लोकांनी नाद सोडला, थॉमस यांनी नाही. 1977 मध्ये त्यांनी 100 रुग्णांचा हिशेब मांडला. बाकी उपचारांनी हात टेकलेल्या या रुग्णांपैकी 13 जण आजारमुक्त जगत होते. आज 13 कमी वाटतात, तेव्हा तो चमत्कार होता. 1990 ला नोबेल मिळालं.

आपल्याकडे 1983 मध्ये परळच्या टाटात डॉ. सुरेश अडवाणी यांनी पहिलं ट्रान्सप्लांट केलं. लहानपणीच्या पोलिओमुळे ते व्हीलचेअरवर. हे मला फार उशिरा कळलं.

पण घरी आल्यावरची लढाई कुणी सांगत नाही. पहिले 100 दिवस डोळ्यात तेल घालून जपायचे. प्रतिकारशक्ती तान्ह्या बाळासारखी, म्हणून लहानपणीच्या लसी पुन्हा घ्यायच्या. दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर रुग्णाचाही हळूहळू तोच होतो. थकवा तर महिनोन्महिने जात नाही.

पोरगा जूनपासून कॉलेजला जायचं म्हणतोय. भेटायला जरूर जा. खोकला असेल तर गेटवरूनच हाक मारा, तो बाहेर येतो.