हिस्लॉप दांपत्य व नागपूर प्रांतांतील पावसाळा

परदेशांतून आलेल्या मिशनरी कुटुंबांचीं जुनीं पत्रें संग्राहकांच्या हातीं आलीं म्हणजे त्यांतील धर्मविषयक मजकुराकडे प्रथम लक्ष जातें. पत्र कोणत्या ऋतूंत लिहिलें, हें क्वचितच पाहिलें जातें. वस्तुतः आगगाडी येण्यापूर्वीं नागपूर प्रांतांत वर्षाचा सारा क्रम पाऊसच ठरवीत असे. नागपुरास आगगाडी पोंचली ती १८६७ सालीं. तोंपर्यंत आषाढ लागला कीं काळ्या जमिनींत गाड्यांचीं चाकें रुतत, नाले भरत, आणि कन्हान व वैनगंगा यांचे उतार बंद होत. भंडाऱ्याकडील तळ्यांच्या मुलखांत तर कुणबी व कोहळी धानाच्या रोवणींत गुंतलेले असत. परक्या उपदेशकाचें बोलणें ऐकण्यास सवड कोणास होती? यामुळें हिवाळा फिरतीचा व पावसाळा मुक्कामाचा, अशी विभागणी आपोआपच होई.

या प्रांतांत पावसाळा उपऱ्यास किती जड जाई, याचें एक उदाहरण प्रथम ध्यानांत घ्यावें. इ. स. १८४२ च्या सुमारास गोस्नर यांनीं पाठविलेल्या जर्मन मिशनऱ्यांनीं अमरकंटकाजवळ करंजिया येथें गोंडांमध्यें ठाणें घातलें. पहिल्याच पावसाळ्यांत पटकीनें त्यांपैकीं बहुतेक दगावले आणि ठाणें मोडलें. पुढें त्याच करंजियास १९३२ सालीं व्हेरियर एल्विन राहावयास गेले, हें अनेकांस माहीत असेल.

स्टीफन हिस्लॉप व त्यांची पत्नी इरास्मा हीं दोघें १८४४ च्या अखेरीस मुंबईस उतरलीं आणि १८४५ च्या आरंभीं नागपुरास आलीं. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचें हें कार्य मद्रास सैन्यांतील विल्यम हिल यांच्या देणगीमुळें शक्य झालें होतें. त्या वेळीं नागपुरास भोसल्यांचें राज्य होतें. तिसऱ्या रघूजीच्या मृत्यूनंतर, १८५४ मध्यें, तें खालसा झालें. हिस्लॉप यांनीं १८४६ सालीं काढलेली शाळा हेंच पुढील हिस्लॉप कॉलेजचें मूळ होय. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनीं नागपूरच्या परिसरांतील खडक व अश्मीभूत अवशेष यांचा जो अभ्यास केला, तो लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकांत १८५५ सालीं प्रसिद्ध झाला.

अखेर पाऊसच हिस्लॉप यांचा काळ ठरला. सप्टेंबर १८६३ मध्यें ते मध्यप्रांताचे मुख्य कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासह नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील शिलावर्तुळें पाहण्यास गेले होते. मुक्काम बोरीस होता. टेंपल पुढें निघून गेले. हिस्लॉप गांवची शाळा तपासण्यासाठीं मागें राहिले. ता. ४ रोजीं, शुक्रवारीं, अंधारांत परततांना वाटेंतील नाला पावसानें फुगला होता. त्यांत त्यांचा अंत झाला. त्यांस ४६ वर्षें पुरीं होण्यास चारच दिवस उरले होते. गणितानें पाहतां ती रात्र वद्य पक्षांतील असून चंद्रोदय उशिरां होता. ज्या वाटेनें सकाळीं सहज जावें, तीच वाट सायंकाळीं बंद व्हावी, हा या मुलखाचा नित्याचा अनुभव आहे.

या मृत्यूमुळें त्यांचीं आदिवासींविषयींचीं टिपणें अपुरीं राहिलीं. टेंपल यांनीं प्रस्तावना व टीपा जोडून तीं १८६६ सालीं छापविलीं. या ग्रंथांत एका परधानाच्या तोंडून उतरून घेतलेलें लिंगोचें दीर्घ गीत आहे. येथें संशोधकानें सावध राहिलें पाहिजे. गाणारा परधान एक, लिहून घेणारे हिस्लॉप दुसरे, संपादक टेंपल तिसरे; आणि १८७१ मध्यें फॉरसाइथ यांनीं त्यास इंग्रजी पद्याचा वेष चढविला तो चौथा हात. लेखकास स्वतः मुद्रितें तपासण्याची संधि मिळाली नाहीं. तेव्हां छापील पानावरील प्रत्येक शब्द हिस्लॉप यांचा, किंवा प्रत्येक कल्पना गोंडांची, असें मानून चालणें बरें नव्हे.

टाकळघाट व खापा येथें नागपूर विद्यापीठातर्फें शां. भा. देव यांनीं पुढें उत्खनन केलें, तेव्हां त्या वर्तुळांचा लोहयुगाशीं संबंध स्पष्ट झाला. वैनगंगेकाठच्या पवनीचें १९६९-७० मधील उत्खननही त्याच परंपरेंतील कार्य होय. शंभरांवर वर्षांपूर्वीं केवळ पाहून नोंदलेल्या वस्तूंस कुदळीनें अर्थ दिला. पण ती नोंद नसती तर शोधाची ही सांखळी इतक्या मागें पोंचली नसती.

आतां संग्राहकांस एक विनंति. १८६६ च्या मुखपृष्ठावर पतीचें नांव आहे, पत्नीचें नाहीं. परंतु असें घर एकट्याच्या श्रमानें चालत नसे. मुक्कामाच्या महिन्यांत घर, आजारी माणसें व येणारेजाणारे यांचा भार कोणावर पडे, हें सांगावयास नको. म्हणून जुन्या दप्तरांत घरखर्चाच्या वह्या, औषधांच्या याद्या किंवा बायकांच्या हातचीं पत्रें आढळल्यास तीं किरकोळ म्हणून बाजूस टाकूं नयेत. त्यांवरील तारखांस तिथि लावून पाहावी, आणि जून ते सप्टेंबरचे कागद निराळे काढावे. फिरतीच्या वृत्तांतांत प्रांत दिसतो. पावसाळ्याच्या कागदांत त्या प्रांतांत राहिलेलें माणूस दिसतें. इतिहासास दोन्हींची गरज आहे.