सात लाख, आठ लाख आणि एक रुपया

सेवानिवृत्तीला सहा महिने उरले असताना एका बैठकीच्या निमित्ताने मला वाराणसीला जावे लागले. बॅगेत निवृत्तिवेतनाचे कागद होते आणि त्यांतला एक रकाना कोरा होता. निवृत्तिवेतनाचा किती भाग अंशराशीकरणासाठी द्यायचा, हा तो रकाना. मर्यादा 40 टक्क्यांची. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यासाठी तक्त्यातला गुणक 8.194, म्हणजे दरवर्षीच्या ज्या रकमेवर पाणी सोडायचे तिच्या सुमारे आठपट पैसे आज एकरकमी हाती येतात. सोडलेला भाग पूर्ववत मिळू लागतो तो 15 वर्षांनी. आयुष्यभर इतरांच्या फायलींवर निर्णय दिलेला माणूस स्वतःच्या एका आकड्यापाशी अडतो, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. माझ्या सहकाऱ्यांत याबाबत उघड दोन तट होते. एकांचे म्हणणे, हातात येईल ते आपले. दुसऱ्यांचे, सरकारी हप्त्याएवढे खात्रीचे दुसरे काही नाही.

संध्याकाळी मोकळा वेळ मिळाला तेव्हा घाटांवरून चालत राजाघाटापर्यंत गेलो. (मालवीय पुलाजवळचा राजघाट तो वेगळा, नवख्याची येथे हमखास गल्लत होते.) या घाटाला पूर्वी अमृतराव घाट म्हणत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना काशीत मराठी खुणा दिसल्या की ऊर भरून येतो. त्या दिवशी मला मात्र अमृतरावांच्या जागी कंपनीचा एक निवृत्तिवेतनधारक दिसू लागला.

अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र, दुसऱ्या बाजीरावांचे वडील बंधू. 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव वसईला गेले आणि पुण्याचा कारभार अमृतरावांकडे आला. त्यांचे पुत्र विनायकराव यांना गादीवर बसवावे, असा होळकरांचा मनसुबा होता. पण वर्षअखेरीस बाजीरावांनी वसईचा तह केला आणि मे 1803 मध्ये इंग्रजांच्या पाठबळावर ते पुण्यास परतले. आता अमृतरावांपुढे दोन वाटा होत्या. एक होळकरांबरोबर राहण्याची. तिच्या टोकाला कदाचित पेशवाई, कदाचित तुरुंग. दुसरी ऑर्थर वेलस्लीची, वर्षाला सात लाख रुपयांची. त्यांनी ऑगस्ट 1803 मध्ये दुसरी पत्करली. आपल्याकडे या निर्णयाला कच खाणे म्हणण्याची रीत आहे. मला तसे वाटत नाही. आधीच्या दहा महिन्यांत त्यांनी पुण्याची गादी अगदी जवळून पाहिली होती आणि तिची किंमत करण्याइतकी माहिती त्यांच्यापाशी होती. पुढे एकवीस वर्षे, 1824 मध्ये काशीत देह ठेवीपर्यंत, त्यांना हा हप्ता मिळत राहिला.

त्या पैशाचे त्यांनी काय केले, याची एक हकीगत बिशप हेबरच्या प्रवासवर्णनात आहे. हेबर 1824 च्या सप्टेंबरात काशीला आला, तेव्हा अमृतराव नुकतेच निवर्तले होते. वर्षातून एका दिवशी, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, ते येईल त्या ब्राह्मणाला व अंधपंगूला तांदूळ आणि एक रुपया देत. शहराबाहेरच्या त्यांच्या बागेला चार दरवाजे होते. तीन याचकांच्या तीन वर्गांना, चौथा स्वतःला व नोकरमंडळींना. दान घेतलेल्याने दिवसभर त्या बागेतच थांबायचे, म्हणजे तो फिरून रांगेत उभा राहणार नाही. आत सावली होती, पाणी होते, सोबतही होती. काही वर्षी या एका दिवसाचा खर्च पन्नास हजारांवर जाई, असे हेबरने ऐकले.

दुबार लाभार्थी रोखण्यासाठी शिक्के, शाई, याद्या आणि अलीकडे अंगठ्याचे ठसे यांत माझी निम्मी नोकरी गेली. ही बाग मला त्या सगळ्याहून शहाणी वाटते. दुसरा रुपया तर ती वाचवीच, शिवाय पहिल्या रुपयाची किंमतही विचारी: तुझा दिवस रुपयाहून मोलाचा आहे का? ज्याचा असेल तो येणारच नाही. डॅनियल बर्नुलीने 1738 मध्ये मांडले होते की रकमेचे मोल घेणाऱ्याच्या स्थितीवर ठरते. गरिबाचा एक रुपया आणि सावकाराचा एक रुपया सारखे नव्हेत. महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्यानेही, जो 1977 मध्ये मंजूर झाला, लाभार्थी निवडला तो पुष्कळसा याच मार्गाने. दिवसभर अंगमेहनतीची तयारी हाच तेथे गरजेचा दाखला.

बाजीरावांपुढे प्रस्ताव आला तो पंधरा वर्षांनी, फार वाईट दिवसांत. जून 1818 च्या आरंभी ते अशीरगडाजवळ कोंडीत सापडले होते. सर जॉन माल्कमने अटी पाठविल्या आणि उत्तराला चोवीस तास दिले. वर्षाला किमान आठ लाख रुपये, आणि राहायला काशी किंवा हिंदुस्थानातील दुसरे एखादे पवित्र क्षेत्र. माल्कम पक्का मुत्सद्दी होता. समोरच्या माणसाच्या तराजूत रुपयाखेरीज आणखी काय वजन टाकावे, हे त्याला कळत होते. (प्रत्यक्षात बाजीरावांना काशी मिळाली नाहीच, कानपूरजवळचे बिठूर मिळाले, काशीला आले ते त्यांचे बंधू चिमाजीअप्पा.) गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला आठ लाख फार वाटले. युद्ध लांबले तर त्याहून अधिक खर्च होईल, हा माल्कमचा हिशेब. बाजीराव तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. ते जगले 28 जानेवारी 1851 पर्यंत आणि कंपनीला अडीच कोटींवर रुपये मोजावे लागले. एवढ्यावरून बाजीरावांनी सौदा जिंकला असे वाटेल.

पण त्या अटी सावकाश वाचाव्यात. राज्यावरचा हक्क सोडायचा तो स्वतःच्या व वारसांच्याही वतीने. निवृत्तिवेतन मात्र स्वतःच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी. किती पिढ्या, यावर एक अक्षर नाही. चोवीस तासांच्या मुदतीत माणूस आकडा पाहतो, मुदत पाहत नाही. बाजीरावांच्या मृत्यूनंतर दत्तक पुत्र नानासाहेबांनी कुटुंब या शब्दावर दावा उभा केला. वेतन व्यक्तिगत होते, आणि शिवाय मागे अठ्ठावीस लाखांची मालमत्ता आहे, असे डलहौसीने ठरविले. 1853 मध्ये अजीमुल्ला खान विलायतेपर्यंत गेले, पण कंपनीचे संचालक बधले नाहीत. पुढचे 1857 सर्वांना ठाऊक आहे. त्याचे कारण एवढेच होते असे मी म्हणणार नाही. पण एका तहनाम्यातील गाळलेल्या मुदतीचा त्यात वाटा नव्हता, असेही कोणी म्हणू नये.

चिमाजीअप्पांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. त्यांची मुलगी मनकर्णिका, पुढची राणी लक्ष्मीबाई, याच काशीत जन्मली. 1830 मध्ये अप्पा वारले आणि तांबे कुटुंब बिठूरच्या आश्रयाला गेले. धन्याचा हप्ता थांबला की पदरच्या माणसांवर काय पाळी येते, हे कोणत्याच तहनाम्यात लिहिलेले नसते.

रात्री विश्रामगृहावर येऊन मी कागद पुन्हा काढले. या वेळी गुणक पाहिला नाही; मागची बारीक अक्षरांतली कलमे वाचली. अंशराशीकरणाने कुटुंब निवृत्तिवेतन कमी होत नाही आणि वेतनधारक मधेच गेला तर उरलेली कपात कुटुंबाकडून वसूल होत नाही, हे नियम नोकरीभर मला तोंडपाठ होते. त्या रात्री ते प्रथमच स्वतःसाठी वाचले. मग घरी दूरध्वनी केला. पत्नीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमच्यामागे मला किती, ते आधी सांगा." ते सांगितल्यावर आम्ही दोघांनी मिळून रकाना भरला.