दहावीचं वर्ष आणि पुण्यातली एक स्पर्धा

आपली १९९६ची दहावीची बॅच. मुलींचा बास्केटबॉल संघ आठवतोय ना? आठवीत जमला, नववीत जिल्ह्यापर्यंत गेला आणि दहावी सुरू होताच मोडला. मुद्दाम कुणी मोडला असं नाही. क्लासची आणि सरावाची वेळ एकच होती आणि घरोघरी निर्णयही एकच झाला. खेळाच्या बाई आमच्या प्रत्येकीच्या घरी येऊन गेल्या. माझ्या आईने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." मुलांचा संघ मात्र डिसेंबरपर्यंत खेळत होता.

स्मरणिकेसाठी लिहायचं ठरल्यावर हेच आधी आठवलं. पण नुसत्या आठवणींपेक्षा या खेळाचा थोडा इतिहास सांगते. त्यात आपल्या तेव्हाच्या वयाच्या मुलींची एक गोष्ट आहे आणि ती पुण्यात घडली.

बास्केटबॉल १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने शोधला. १८९३ साली सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजात मुलींचा सामना भरवलासुद्धा. मात्र मुलींना झेपावं म्हणून मैदानाचे तीन भाग केले होते. जिने ज्या भागात उभं राहायचं, तिने तिथेच खेळायचं.

मुली खेळू लागल्या खऱ्या, पण मोठ्या स्पर्धांची दारं त्यांना उशिरा उघडली. तारखांमधला फरक काढायची सवय मला नोकरीने लावली आहे, म्हणून हा हिशेब मांडते. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ साली आला, महिलांचा १९७६ साली: फरक ४० वर्षं. जागतिक स्पर्धा पुरुषांची १९५०, महिलांची १९५३: ३ वर्षं. आशियाई स्पर्धा पुरुषांची १९६०, महिलांची १९६५: ५ वर्षं. कुमारांची जागतिक स्पर्धा १९७९ साली, मुलींची १९८५ साली: ६ वर्षं.

मग २००९ साल आलं. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१०पासून १७ वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा सुरू करायचं ठरवलं होतं. तिथे जाणारे संघ निवडायचे म्हणून आशियात आदल्या वर्षी १६ वर्षांखालच्यांची स्पर्धा सुरू झाली. मुलांची मलेशियात जोहोर बाहरूला आणि मुलींची पुण्यात. दोन्ही एकाच वर्षी. फरक शून्य!

३० नोव्हेंबर ते ६ डिसेंबर २००९ असे ते दिवस. विजेतेपद चीनने मिळवलं, जपान दुसरा आला. पुढच्या वर्षीची मुलींची जागतिक स्पर्धा फ्रान्समध्ये रोदेझ आणि तुलूझला झाली. तिकडे जाणारी वाट पुण्यावरून गेली होती.

मला यातला वयाचा नियम महत्त्वाचा वाटतो. १ जानेवारी १९९३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच पुण्यात खेळू शकत होत्या. आपल्याकडे १९९४ साली जन्मलेली मुलगी त्या डिसेंबरात साधारण दहावीत असणार, पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली. म्हणजे नेमकं तेच वर्ष, ज्या वर्षी आम्ही बूट माळ्यावर टाकले.

आणि मी तेव्हा कुठे होते? पुण्यातच, हिंजवडीत. वर्षअखेरीच्या रिलीजच्या घाईत. आशियातल्या सोळा वर्षांच्या मुली माझ्याच गावात खेळून गेल्या आणि मला पत्ताही नव्हता. पुढे माझी मुलगी खेळायला लागली, तेव्हा जुनी माहिती चाळताना हे कळलं. त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही.

ती स्पर्धा पुढे जिनान, कोलंबो, मेदान अशी फिरत २०१७ साली भारतात, बंगळूरला परत आली. तोवर तिचे दोन गट झाले होते. वरच्या गटात ऑस्ट्रेलिया जिंकली. खालचा गट आपल्या मुलींनी जिंकला आणि त्या वरच्या गटात गेल्या. भारताच्या महिला संघाचं नेतृत्व केलेली शिरीन लिमये तर पुण्याचीच.

एका स्पर्धेने सगळं बदलत नाही, हे मला कळतं. देशाच्या संघात मुली बाराच असतात. पण ज्यांची निवड होत नाही, त्यांनाही घरी सांगायला एक वाक्य मिळतं, "आई, यंदा निवड चाचणी आहे." आमच्या वेळी आशियाई पातळीवर १६ वर्षांखालच्या मुलींचा गटच नव्हता. ते वाक्य आमच्याकडे नव्हतं, बाईंकडेही नव्हतं. आईच्या "पुढच्या वर्षी बघू"ला उत्तर द्यायला त्या बिचाऱ्या काय आणणार होत्या?

म्हणून मेळाव्याला येणाऱ्या सगळ्यांना, विशेषतः आजच्या शिक्षकांना, एकच विनंती आहे. दहावीच्या मुलींसाठी सकाळचा एक तास मैदान राखून ठेवा. रिंग, जाळी, चेंडू यांचा खर्च आमची बॅच उचलेल. आणि मैत्रिणींनो, मेळाव्याला येताना बूट घेऊन या. गुडघे दुखतील, दुखू देत. आपला एक सामना राहिला आहे.