उनपदेवचे ऊन पाणी आणि पाटणचा शिलालेख

खानदेशात सकाळी निघून दिवेलागणीला घरी परत येता येईल अशी तीर्थे पुष्कळ आहेत. त्यांपैकी दोन ठिकाणे प्रत्येकाने एकदा तरी पहावीत. एक उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी, तर दुसरे दक्षिणेस चाळीसगावच्या डोंगरात आहे.

चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव हे स्थान आहे. येथे गोमुखातून बारमाही ऊन पाण्याची धार कुंडात पडते. शरभंग ऋषींसाठी प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा जुनी माणसे सांगतात. या स्नानाने त्वचारोग बरे होतात अशी भाविकांची श्रद्धा असून पौष महिन्यात येथे मोठी यात्रा भरते. याच भागात सुनपदेव व नझरदेव हेही झरे आहेत. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते, असे भूगर्भशास्त्र सांगते. कथा व शास्त्र दोन्ही ऐकून घ्यावे. पाणी मात्र स्वच्छ ठेवावे.

उनपदेवची कथा पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आली. पाटणचा इतिहास मात्र दगडावर लिहिलेला आहे. चाळीसगावपासून थोड्या अंतरावर पाटणादेवीचे जागृत स्थान आहे. देवीच्या दर्शनाला येणारे पुष्कळ, पण परिसरातील पडकी देवळे पाहणारे थोडे. तेथील महादेवाच्या हेमाडपंती मंदिरात शके १०७५ (इ. स. ११५३) चा लेख आहे. निकुंभ वंशातील इंद्रराजाने हे मंदिर बांधावयास घेतले. ते त्याच्या मृत्यूनंतर, राणी श्रीदेवी कारभार पाहत असताना पूर्ण झाले. एकाने आरंभलेले कार्य मागच्यांनी तडीस नेले, याची ही साक्ष होय.

दुसरा लेख भवानीच्या पडक्या देवळातील, शके ११२८ चा. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे 'सिद्धान्तशिरोमणी' आदी ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने येथे मठ स्थापिला. निकुंभ सोन्हदेवाने त्या मठास देणग्या दिल्या. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून त्यात या देणग्यांचा तपशील आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा हक्क मठास दिला आणि तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल लावून दिले. राजाच्या हक्काबरोबर घाण्याच्या पळीचीही नोंद झाली, हे देणगीदारांनी अवश्य लक्षात घ्यावे.

डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख प्रसिद्ध केला. देऊळ पडले, मठ गेला, पण अक्षरे शाबूत राहिली, म्हणून ही हकीकत कळली. त्या दगडावर कोणी गिलावा केला असता, किंवा तो फोडून पायात घातला असता, तर भास्कराचार्यांच्या नातवाचा हा मठ कोणास ठाऊक झाला असता?

आज गावोगावी मंदिरांचे जीर्णोद्धार होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जुना दगड काढताना त्यावर अक्षरे आहेत काय, हे आधी पहावे. कोरीव शिळा, वीरगळ, भंगलेली मूर्ती यांना ऑइल पेंट लावू नये, त्या नदीतही सोडू नयेत. मंदिराच्या आवारातच त्यांना मानाने जागा द्यावी, आणि लेख आढळल्यास पुरातत्त्व खात्यास कळवावे. नव्या फरशीवर आज देणगीदारांची नावे कोरली जात आहेत. पुढच्या पिढ्यांनी ती जपावीत असे वाटत असेल, तर मागच्यांची अक्षरे आज जपली पाहिजेत.

ही सुबुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.