सेमरकोनाचा मणी

नाकाला रुमाल लावा, स्वेटर चढवा आणि सुमारे ४५६ कोटी वर्षं मागे या. पायाखाली जमीन शोधू नका, पृथ्वी अजून व्हायची आहे. मंगळ आणि गुरूच्या मध्ये आज लघुग्रह फिरतात ना, तिथेच तुम्ही तरंगताय. चहूकडे धूळच धूळ. तान्हा सूर्य त्यातून कंदिलासारखा मिणमिणतोय. सडक्या अंड्यांचा आणि मुतारीचा दर्प आला? हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया. धूमकेतूंच्या बर्फात ते आजही सापडतात. कान मात्र टवकारू नका. वायू इतका विरळ आहे की एवढ्या गर्दीतही चिडीचूप.

वायूचा हा सगळा लोंढा सूर्याभोवती फेर धरून चाललाय. असाच फिरत राहिला तर सूर्याच्या पोटात जाणार कधी आणि सूर्य वाढणार कसा? खिशातलं होकायंत्र काढा. काटा वळला! इथे चुंबकीय क्षेत्र आहे, अगदी घरच्यासारखं जाणवणारं. वायूतले मूठभर विद्युतभारित कण त्याच्या रेषांना कासऱ्याने बांधल्यासारखे जखडलेत. रेषा ताणल्या जातात, आतल्या वायूला मागे ओढतात, त्याचा फिरण्याचा जोर बाहेरच्या वायूला देतात. मग आतला वायू सूर्याकडे घसरतो. अगदी सूर्याजवळ तर तो रेषांच्या कमानींवरून सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने खाली कोसळतो. ही अदृश्य ओढ नसती तर आपला सूर्य असा वाढलाच नसता.

जपा! भाजून काढणारी लाट आली. स्वेटर भिरकावून द्या. आजूबाजूचे धुळीचे गोळे वितळून धगधगते थेंब झालेत. त्यातला नाकासमोरचा, मोहरीएवढा, नीट पाहा. पांढरट, मग केशरी, मग काळपट होत तो थिजतोय. त्याच्या पोटात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण आहेत. ते ७७० अंश सेल्सिअसच्या खाली निवतात तसं भोवतालचं चुंबकीय क्षेत्र त्यांच्यात कोरलं जातं. एकदा कोरलं की कोरलं.

असे थिजलेले मणी एकमेकांना चिकटत जाऊन दगड झाला. तो दगड १९४० साली मध्य प्रदेशात सेमरकोना गावी आकाशातून पडला. २०१४ साली रॉजर फू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या मण्यांमधली ती नोंद वाचली: सुमारे ५४ मायक्रोटेस्ला. मघाशी तुमचा काटा वळवणारं क्षेत्र तेच.