मशीन जगवण्याचा धंदा

भारतात घरोघर संगणक पोचले त्याच्या कितीतरी आधी संगणक सांभाळणारी एक कंपनी उभी राहिली होती, आणि तीही सरकारी. नाव कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजेच सीएमसी. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली. परकीय भागभांडवल चाळीस टक्क्यांवर आणा, असा ‘फेरा’ कायद्याचा आग्रह होता आणि तो कंपनीला मान्य नव्हता. कंपनी गेली, पण तिची मशीनं इथेच राहिली. ती चालती ठेवण्याचं काम सीएमसीकडे आलं. बनवणारा निघून गेलेला, नवं मशीन घ्यायला परकीय चलन नाही, आणि आहे ते बंद पडू द्यायचं नाही. आमच्या धंद्याचा पाया मी इथे मानते. माझ्या हातात पहिला स्क्रू-ड्रायव्हर आला तेव्हाही परिस्थिती याहून फार वेगळी नव्हती. फक्त परकीय चलनाच्या जागी गिऱ्हाइकाचा खिसा आला होता.

पुण्यात या धंद्याचा आणखी एक पूर्वज आहे, टाइपरायटरचा मेकॅनिक. गोदरेजने १९५५ मध्ये देशी टाइपरायटर बाजारात आणला आणि पुढची काही दशकं पेठापेठांतून टायपिंगचे क्लास खडखडत राहिले. क्लासला मेकॅनिक ठरलेला असायचा. तो महिन्याला यायचा, ब्रशने अक्षरांच्या खाचांतली शाई काढायचा, तेलाचे थेंब सोडायचा, रिबीन बदलायचा. पैसे वर्षाचे ठरवून घ्यायचा. संगणकाच्या ‘एएमसी’ने, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या कराराने, हीच रीत जशीच्या तशी उचलली. बंद पडल्यावर धावत जाण्यापेक्षा बंद पडू नये म्हणून ठरल्या दिवशी जायचं, ही त्या तेलाच्या डबीवाल्या माणसांची शिकवण आहे.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या कामात आले. १९८४ च्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सोपी झाली होती. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क आणायची आणि इथे जोडून विकायची, ते ‘असेंबल्ड’ मशीन. बारीकसारीक माल पुण्यातच तापकीर गल्लीत मिळायचा. माझी गिऱ्हाइकं म्हणजे सदाशिव पेठेतले करसल्लागार आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची डीटीपीची दुकानं. डीटीपीवाल्यांचं सगळं भांडवल मराठी फाँटच्या डोंगलमध्ये अडकलेलं असायचं. प्रिंटरच्या पोर्टला लावलेलं ते आगपेटीएवढं खोकं निघालं की एक अक्षर उमटत नसे. एका दुकानाच्या मालकीणबाई रात्री डोंगल काढून पर्समध्ये घालून घरी न्यायच्या. त्यांना मी कधी हसले नाही. मशीन गेलं तर मशीन आणता येत होतं, डोंगल हरवलं तर सॉफ्टवेअरच पुन्हा विकत घ्यावं लागण्याची भीती होती.

पिशवीत काय असायचं? ब्लोअर, रंगाचा अर्धा इंची ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, सुती कापड, आणि पांढरा मऊ खोडरबर. यातली सर्वांत मोलाची वस्तू खोडरबर. मशीन चालू केलं की स्क्रीन काळा आणि आतून एकसारखी लांब शिट्टी, अशी तक्रार पावसाळ्यात हमखास यायची. गिऱ्हाईक धरून चालायचं की मदरबोर्ड गेला. कॅबिनेट उघडायचं, हात आधी लोखंडी पत्र्याला लावायचा, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडून रॅमची पट्टी उचलायची. तिच्या तळाच्या पितळी दिसणाऱ्या रेघा दमट हवेने मंदावलेल्या असत. त्यांवर खोडरबर एकाच दिशेने फिरवायचा, चुरा ब्रशने झाडायचा, पट्टी खाचेत ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवायची. मशीन सुरू. हे काम गिऱ्हाइकासमोरच करावं असं मला वाटे, आणि पुढच्या वेळेला त्यांनाच करायला लावावं असंही. धंद्यातल्या काहींना हे पटत नव्हतं, कारण शिकलेलं गिऱ्हाईक बोलावत नाही. माझा अनुभव उलटा आहे. खोडरबर ज्यांनी हातात घेतला, ते मोठ्या कामाला दुसऱ्या कुणाकडे गेले नाहीत.

माउसच्या पोटातला गोळा काढून आतल्या रुळांवरची काळी लोकर नखाने खरवडायची. फ्लॉपी कपाटात भिंतीला लागून ठेवली तर आतल्या तबकडीवर बुरशीचे ठिपके येत, आणि अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की ड्राइव्हचं हेडही खराब. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची रिबीन फिकी पडली की नवी न घेता पुन्हा शाई भरून आणायची. शाई चुकीची असेल तर पिना चोंदतात, म्हणून कुणाकडून भरली हे विचारून मगच मी प्रिंटर उघडत असे. वाचवलेल्या पैशाने दुप्पट खर्च काढू नये, एवढी खबरदारी काटकसरीत लागतेच.

याच पुण्यात, याच दुरुस्तीच्या टेबलावर, एक मोठी गोष्ट घडली. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. बँकांत हिशेबाची नवी यंत्रं येताना त्यांनी पाहिली आणि संगणकाच्या दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनांत व्हायरस असायचेच. पाकिस्तानातल्या लाहोरच्या दोन भावांचा ‘ब्रेन’ १९८६ पासून फ्लॉपीवरून जगभर फिरला होता, आणि ६ मार्च १९९२ ला जागा होणाऱ्या ‘मायकेलअँजेलो’ने वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर धास्ती भरली होती. काटकरांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. ते या व्हायरसवर इलाज करणारे प्रोग्राम लिहू लागले आणि दुरुस्तीला आलेली मशीनं त्या प्रोग्रामनी साफ होऊ लागली. १९९५ मध्ये त्यातून डॉसवर चालणारा अँटिव्हायरस बाजारात आला, त्याचं नाव ‘क्विक हील’. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात उतरली. लोक ही उद्योजकाची यशोगाथा म्हणून सांगतात. मला ती आधी दुरुस्तीवाल्याची गोष्ट वाटते. एकच बिघाड टेबलावर वारंवार येऊ लागला की प्रत्येक वेळी हाताने झाडायचा की त्याचं औषध तयार करायचं, हा प्रश्न चांगल्या मेकॅनिकला पडतोच. फार थोड्यांच्या घरात उत्तर लिहू शकणारा भाऊ असतो.

फुकटच्या ऑनलाइन साधनांवर माझा विश्वास बसला तो २६ एप्रिल १९९९ नंतर. त्या सोमवारी सकाळपासून फोन थांबेना. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’ व्हायरस त्या तारखेला उठला. चेर्नोबिलच्या अपघाताची तीच तारीख, म्हणून त्याला चेर्नोबिलही म्हणत. तो विंडोज ९५ आणि ९८ वर दोन घाव घालायचा. पहिला हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या एक एमबी भागावर. तिथलं सगळं पुसून टाकायचा, म्हणजे डिस्कवर काय कुठे आहे याची अनुक्रमणिकाच फाडायचा. दुसरा घाव मदरबोर्डवरच्या, मशीन सुरू करणाऱ्या बायोस चिपवर. त्या काळच्या काही मदरबोर्डांवर, खास करून इंटेलच्या ४३० टीएक्स चिपसेटवाल्यांवर, ही चिप सॉफ्टवेअरनेच पुसता यायची. ती पुसली गेली की मशीन बटण दाबूनही हूं का चूं करत नसे.

चिप मेलेल्या मशीनांसाठी आम्ही जे केलं ते आज कुणी धाडस करून करणार नाही. तोच मदरबोर्ड असलेलं एक जिवंत मशीन शोधायचं. त्याची बायोस चिप आधीच काढून तिच्या खालून दोरा ओवून पुन्हा सैलसर बसवायची. मशीन डॉसवर सुरू करायचं. एकदा सुरू झालं की बायोसची नक्कल रॅममध्ये असते, त्यामुळे चिप काढली तरी मशीन थांबत नाही. मग वीज चालू असतानाच दोरा सरळ वर उचलून चांगली चिप काढायची आणि त्याच जागी मेलेली चिप, खाचेची दिशा पाहून, दाबून बसवायची. मग फ्लॅश करणारा प्रोग्राम चालवायचा. पडद्यावरची पट्टी पुढे सरकत असताना दुकानात कुणी बोलत नसे, कारण वीज गेली तर सगळं पुन्हा, आणि पिन वाकली असेल तर दोन्ही मशीनं हातची जातील. पट्टी पूर्ण झाली की मेलेली चिप जिवंत. मदरबोर्डाचा खर्च वाचला. चिप सोल्डर केलेली असेल तर मात्र इलाज नव्हता.

डिस्कवरच्या माहितीचं दु:ख याहून मोठं. मार्च संपून महिना झालेला, एका करसल्लागारांच्या मशीनवर बऱ्याच अशिलांचे टॅलीचे हिशेब, आणि बॅकअप जुना. काका खुर्चीत बसून होते आणि माझ्याशी नजर मिळवत नव्हते. इंटरनेट मुंबईसह चार महानगरांत १५ ऑगस्ट १९९५ ला आलेलं, तोवर पुण्यातही सायबर कॅफे दिसू लागले होते. तिथे कळलं की ढाक्यातल्या अभियांत्रिकी विद्यापीठाचा विद्यार्थी मोनिरुल इस्लाम शरीफ याने ‘एमरिकव्हर’ नावाचा प्रोग्राम लिहून फुकट ठेवला आहे, आणि अमेरिकेतल्या स्टीव्ह गिब्सन यांनीही ‘फिक्स-सीआयएच’ तसाच दिला आहे. त्यामागचा विचार सरळ होता. फॅट-३२ पद्धतीने आखलेल्या मोठ्या डिस्कवर अनुक्रमणिकेच्या दोन प्रती असतात, आणि दुसरी बहुतेक वेळा त्या पहिल्या एक एमबीच्या पलीकडे वाचलेली असते. ती वाचून पहिली पुन्हा मांडायची. लहान, फॅट-१६ च्या डिस्कांवर दोन्ही प्रती त्या पुसलेल्या भागातच असत, तिथे हे जमणारं नव्हतं. काकांची डिस्क फॅट-३२ होती. प्रोग्राम एका फ्लॉपीत मावला. टॅलीचं फोल्डर पडद्यावर दिसलं तेव्हा काकांनी खिशातून रुमाल काढला.

त्या दिवशी मला जे दिसलं ते असं. ज्याने व्हायरस लिहिला तो एक विद्यार्थी, आणि ज्याने उतारा लिहिला तोही एक विद्यार्थी, श्रीमंत देशातला नव्हे, आपल्या शेजारचा. आणि तो उतारा सदाशिव पेठेत पोचायला कुरियर लागलं नाही, आयात परवाना लागला नाही. सीएमसीने ज्या टंचाईत काम केलं, त्या टंचाईचा एक मोठा भाग त्या फ्लॉपीने संपवला.

पुढची वर्षं भराभर गेली. संगणक मासिकांबरोबर सीडी येऊ लागल्या आणि लोक लेखांपेक्षा सीडीतल्या फुकट साधनांसाठी मासिक घ्यायचे. मोठी फाइल सायबर कॅफेत तुकडे करून फ्लॉप्यांवर आणायची आणि घरी जोडायची. एक फ्लॉपी खराब निघाली की सगळी पायपीट पुन्हा. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमामुळे खेडोपाडीच्या मुलामुलींच्या हाताला कीबोर्ड लागला. २००२ मध्ये ओपनऑफिस फुकट मिळू लागलं. त्याच वर्षी रेल्वेचं आरक्षण ऑनलाइन सुरू झालं आणि खिडकीवरच्या रांगेतली अर्धी सकाळ वाचली. विंडोजमध्ये युनिकोडमधली देवनागरी आली आणि मराठी मजकूर फाँटच्या मालकीतून सुटला. पुढे मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्ता’, ‘बलू’ यांसारखे देखणे फाँट सर्वांना मोफत खुले केले. डोंगल पर्समध्ये नेणाऱ्या त्या बाईंच्या मुलीला मी हे फाँट उतरवून दिले तेव्हा आईने दोनदा विचारलं, ‘खरंच पैसे नाहीत ना द्यायचे?’

फुकटचं सगळंच भलं असं मात्र नाही. ‘तुमचं मशीन धोक्यात आहे, इथे दाबा’ म्हणणाऱ्या खिडक्या आल्या, मशीन साफ करण्याच्या नावाखाली आत घाण भरणारे क्लीनर आले, आणि नेटवर हेल्पलाइन शोधून फोन केला तर पलीकडे भामटा. मी एकच नियम सांगत आले आहे: साधन त्याच्या बनवणाऱ्याच्या साइटवरूनच उतरवा, आणि समोरच्याने आपणहून फोन केला असेल तर तो ठेवून द्या. जुनी कामंही काही मोडीत निघाली. दर महिन्याला डिस्क डीफ्रॅग करायची सवय अनेकांच्या हाडीमांसी खिळली आहे. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कला त्याची गरज नाही, उलट फुकटची झीज होते, हे आजही समजावून सांगावं लागतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर चालतो, म्हणून चांगली चालती मशीनं भंगाराच्या वाटेला लागली आहेत. शाळेतल्या शिक्षिका, छोटे दुकानदार, निवृत्त माणसं पुन्हा माझ्याकडे येतात. मी कॅबिनेट उघडून धूळ काढते, जुनी डिस्क काढून एसएसडी घालते, रॅमची पट्टी वाढवते आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट घालून देते. सोबत लिब्रेऑफिस आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड. हे सगळं नेटवर मोफत आहे, त्याचे पैसे मी घेत नाही, घेते ते माझ्या वेळेचे आणि एसएसडीचे. ज्यांना स्वत: करायचं आहे त्यांच्यासाठी शनिवारी दुपारी टेबल मोकळं ठेवते. मिंट घालायला पेन ड्राइव्ह आठ जीबीचा पुरतो, आणि येताना आपला बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेऊन यावं, एवढीच अट.