नावाआधीचा मान

नार्वे हे श्रीसप्तकोटेश्वराचे गाव. शिवछत्रपतींनी १६६८ साली येथील देवालयाचा जीर्णोद्धार केला. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस डिचोली महाल पोर्तुगीज अमलाखाली गेला. घरची लग्नपत्रिका मराठीत, सरकारी दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये आणि १९६१ च्या मुक्तीनंतर इंग्रजीत, असा आमच्या आयाबहिणींच्या नावांचा प्रवास झाला. या प्रवासात नाव टिकले, पण नावाआधीचा मान मात्र वारंवार बदलला.

मराठीतील 'सौ.', 'कु.' आणि 'गं. भा.' ही अक्षरे मानाबरोबरच नवऱ्याचीही वार्ता देतात. पोर्तुगीज 'दोना' तशी नाही. ती बाईच्या स्वतःच्या नावाला लागते आणि केवळ आदर दाखवते. बाई विवाहित, अविवाहित की विधवा, हे दस्तऐवजात वेगळ्या शब्दाने नोंदले जाई. त्या नोंदीला मोल होते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर तिच्यानुसार पतिपत्नीची मालमत्ता सामाईक ठरते व विधवेचा अर्धा वाटा तिचा स्वतःचा असतो.

म्हणून 'दोना'चे भाषांतर डोळे मिटून 'सौ.' किंवा 'मिसेस' केले, तर कुमारिकेचे लग्न लागते आणि विधवेचा नवरा जिवंत होतो! उलट 'गं. भा.' चे नुसते 'दोना' केले, तर ज्या वस्तुस्थितीवर तिचा हक्क उभा आहे, तीच कागदातून गळते. मान मानाच्या जागी आणि स्थिती स्थितीच्या जागी, असे दुहेरी भाषांतर करावे लागते. 'श्रीमती' हा सोयीचा शब्द खरा. पण जुन्या मराठी वळणात तो बहुधा विधवेसाठी वापरीत, तर हिंदी वळणाच्या सरकारी कागदांत विवाहितेसाठी. त्यामुळे आजही एखादी सुवासिनी त्यावर रुसते.

ही अडचण आपलीच आहे असे नाही. जर्मन भाषेत अविवाहितेला 'फ्रॉयलाइन', म्हणजे शब्दशः 'छोटी बाई', म्हणत. पश्चिम जर्मनीच्या गृहखात्याने १९७२ साली हा शब्द सरकारी भाषेतून काढला. प्रत्येक प्रौढ स्त्री 'फ्राऊ' झाली. तेव्हा आजच्या 'फ्राऊ'चे इंग्रजीत 'मिसेस' करणे हा निव्वळ तर्क होय. तेथे 'मिझ' हेच योग्य.

महाराष्ट्रात २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढच्याच वर्षी विधवांसाठी 'गंगाभागीरथी' हा शब्द सरकारी व्यवहारात आणण्याची सूचना एका मंत्र्यांनी केली आणि तिला मोठा विरोध झाला. शब्द गोड झाला, तरी कपाळावरची नोंद तीच राहते, हे बायकांनी अचूक ओळखले.

शाळेच्या रजिस्टरात आईचे नाव नोंदवताना म्हणूनच मी कारकुनाला एवढेच सांगतो, "आधी त्या माउलीला विचारा, मग लिहा."